संगणकाची किल्ली कोणाकडे?



विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. वस्त्यांतील अभ्यासिकांमध्ये देणगीतून आलेले बरेच संगणक जुने असतात. त्यांवर विंडोज ११ चढत नाही. म्हणून काही मंडळी ते भंगारात काढायला निघाली आहेत. आम्ही त्यांना सांगतो, जरा थांबा. यंत्र ६४ बिटचे असेल तर त्यावर डेबियन ही लिनक्स प्रणाली बसवून पाहा. तिला पैसे पडत नाहीत. १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक ती चालवीत आले आहेत. तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये निघाली. जुन्या यंत्राला एक्सएफसीई हा हलका पडदा निवडावा.

प्रणाली बसवून देणारा कोणी ना कोणी भेटतो. खरे काम त्यानंतर सुरू होते.

पहिला प्रश्न किल्लीचा. लिनक्समध्ये 'रूट' नावाचा एक सर्वाधिकारी असतो. तो काहीही बदलू शकतो, काहीही पुसू शकतो. बसवताना रूटचा पासवर्ड विचारतात, ती जागा कोरी सोडावी. म्हणजे रूटचे खाते बंद राहते आणि पहिल्या सदस्याला 'सुडो' हा अधिकार मिळतो. महत्त्वाचे काम करताना तो स्वतःचा पासवर्ड देतो आणि कोणी कोणती आज्ञा दिली याची नोंद राहते.

पण हा अधिकार एकट्याकडे ठेवू नये. मंडळाच्या बँक खात्याला आपण दोन सह्या ठेवतो ना? तसेच आणखी एका जबाबदार व्यक्तीला, शक्यतो एखाद्या भगिनीला, सुडो गटात घ्यावे. ती एकदा बाहेर पडून पुन्हा आत आली की अधिकार लागू होतो. एकच जाणकार असला आणि तो नोकरीसाठी परगावी गेला, की ऐन फॉर्म भरण्याच्या दिवसांत मुले बंद यंत्रासमोर बसतात. शिष्यवृत्तीची तारीख कोणासाठी थांबत नाही. शिवाय हा अधिकार जन्माने मिळत नाही. मंडळ तो देते आणि गटातून नाव काढून परतही घेते. हे आपल्या विचाराला धरूनच आहे.

मुलामुलींना मात्र साधी खाती द्यावीत, प्रत्येकाला वेगळे. प्रत्येकाच्या फायली त्याच्या स्वतःच्या कप्प्यात राहतात. साध्या खात्यावरून चूक झाली तरी मूळ प्रणाली मोडत नाही. म्हणून मुलांना बिनधास्त शिकू द्यावे.

दुसरे काम सुधारणांचे. आठवड्यातून एकदा टर्मिनल उघडून सुडोसह 'एपीटी अपडेट' आणि मग 'एपीटी अपग्रेड' या आज्ञा द्याव्यात. पहिलीने नवी यादी येते, दुसरीने सुधारणा बसतात. सुरक्षेची भोके अशीच बुजतात.

तिसरे काम मराठीचे. सेटिंग्जमध्ये कीबोर्ड, त्यात लेआउट उघडून मराठी इनस्क्रिप्ट जोडावी. तिच्यात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला बहुतेक व्यंजने असतात. महिनाभर रोज अर्धा तास सराव केला की बोटे आपोआप चालतात. ही मांडणी युनिकोडमध्ये लिहिते, त्यामुळे मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. जुन्या फॉन्टांत टंकलेली इतिवृत्ते मात्र इथे इंग्रजी अक्षरांचा काला दिसतील. ती परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणून घ्यावीत. अर्ज आणि हिशेबासाठी लिबरऑफिस आहेच.

चौथे, एक वही ठेवावी. कोणती सेटिंग बदलली, केव्हा, कोणी, हे रोजकीर्दीसारखे लिहावे. या प्रणालीच्या बहुतेक सेटिंग 'ईटीसी' नावाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुरात असतात. त्या उघडून वाचता येतात. बदलण्याआधी मूळ फाइलची नक्कल ठेवावी. महिन्याला मुलांच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती उघडते का तेही पाहावे.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ कोणी सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. ज्या यंत्राचे आतले वाचता येते, त्याबाबत तसे करणे शक्य आहे. बाबासाहेबांच्या लेकरांनी यंत्राची कळ दाबण्यावर समाधान मानू नये, ते चालते कसे हेही जाणून घ्यावे. येत्या रविवारी विहारातील वंदनेनंतर मंडळाच्या बैठकीत एवढा एकच विषय घ्या : दुसरी किल्ली कोणाकडे?