तीनशे माश्या आणि एक बरणी



२०२४च्या वसंत अंकात याच पानावर आम्ही मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की अ‍ॅशबर्नच्या आमच्या बॅकयार्डात मधमाश्यांची पेटी आली आहे आणि येत्या दिवाळीला फराळाबरोबर घरचा मध मिळेल. त्यानंतर दिवाळी झाली, संक्रांत झाली, आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारत राहिलं, "काय हो, मध कुठाय?" आम्ही हसून वेळ मारून नेत होतो. आज खरं काय ते सांगून टाकतो. पेटी मेली.

फेब्रुवारी २०२५मधला एक उबदार दिवस. अशा दिवशी माश्या बाहेर येऊन एक चक्कर मारून जातात असं वाचलं होतं, पण आमच्या पेटीपुढे सगळं शांत. झाकण काढलं तर आत मध जसाच्या तसा, चौकटी जड, आणि तळाशी मूठभर मेलेल्या माश्या. धाकटी रडायला लागली. आम्ही दोघांनी तिची आणि स्वतःची समजूत घातली, "थंडी फार होती गं या वर्षी."

लीसबर्गच्या बाजूला एक आजोबा राहतात. तीस-एक वर्षं माश्या पाळताहेत. त्यांना बोलावलं. त्यांनी एक चौकट उन्हात तिरकी धरली आणि रिकाम्या घरांच्या छताला चिकटलेले बारीक पांढरे ठिपके दाखवले. "ही माइटची विष्ठा," ते म्हणाले. "थंडी शेवटी आली. तुमच्या माश्या पानगळीतच संपत आल्या होत्या. ऑगस्टमध्ये माइट मोजल्या होत्यात का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मंडळी, आम्ही दोघंही इंजिनियर. दोघांनीही याच देशात येऊन मास्टर्स केलेलं. पोटापाण्यासाठी अ‍ॅशबर्नच्या डेटा सेंटरमध्ये मशिनांचं तापमान दर मिनिटाला मोजणारी माणसं आम्ही. आणि घरामागच्या पेटीत आठ महिन्यांत काहीही मोजलं नव्हतं. चार व्हिडिओ पाहिले, पेटी मागवली, पांढरे पोशाख घालून फोटो काढले. झालं आमचं शिक्षण!

तर ही माइट म्हणजे काय? नाव व्हरोआ. मोहरीच्या दाण्याहून लहान, तपकिरी, खेकड्यासारखी चपटी. माशीच्या पोटाला चिकटून राहते आणि पिल्लाचं घर बंद होण्याआधी आत शिरून तिथे अंडी घालते. पूर्वी समज होता की ती माशीचं रक्त पिते. पण आपल्या शेजारच्या मेरीलँड विद्यापीठात सॅम्युएल रॅमसी यांनी केलेलं संशोधन २०१९मध्ये प्रसिद्ध झालं आणि कळलं, की ती मोठ्या माशीच्या शरीरातला चरबीचा साठा खाते. माशी हिवाळा काढते ती याच साठ्यावर. उन्हाळ्यातली कामकरी माशी पाच-सहा आठवडे जगते, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जन्मलेली माशी वसंतापर्यंत टिकावी लागते. पिल्लू असतानाच तिला माइटने पोखरलं, वर पंख वाकडे करणारा विषाणूही टोचला गेला, तर ती टिकणार कशी? म्हणून आजोबांनी ऑगस्टचं विचारलं. हिवाळ्याचा निकाल ऑगस्टमध्येच लागलेला असतो.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्यासारख्यांच्या जवळचा आहे. ही मधमाशी मूळची अमेरिकेची नव्हेच. इंग्लंडहून जहाजाने ती इथे आली १६२२मध्ये, आणि उतरली ती आपल्याच व्हर्जिनियात! माइट मात्र आपल्या बाजूची, आशियातली. तिचं मूळ बिऱ्हाड म्हणजे आपली सातेरी माशी. सातेरीचं आणि तिचं हजारो वर्षांचं जमलेलं आहे. तिथे माइट फक्त नरांच्या घरात वाढते, आणि सातेरी माश्या एकमेकींना साफ करून तिला आटोक्यात ठेवतात. पुढे माणसांनी युरोपियन माशीच्या पेट्या आशियात नेल्या, माइटने घर बदललं, आणि त्याच पेट्यांच्या ये-जा करण्यातून ती जगभर पसरली. अमेरिकेत ती पहिल्यांदा सापडली १९८७मध्ये. नव्या माशीला हे दुखणं ठाऊकच नव्हतं. माइटला व्हिसा माणसाने मिळवून दिला, दोष तिचा नाही.

हे सगळं कळल्यावर महाबळेश्वरच्या डोंगरात राहणाऱ्या मामांना फोन केला. भारतातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून २०२२मध्ये जाहीर झालेलं मांघर त्यांच्या शेजारीच. मामांकडे सातेरीच्या पेट्या आहेत. आम्ही म्हटलं, "मामा, तुमच्या माश्या चिवट. एखादी राणी पाठवता येईल का हो?"

मामा हसले. "अरे पोरांनो, तुमचं सरकार घेईल का ती आत?" त्यांचं खरंच होतं. बाहेरच्या जिवंत मधमाश्या देशात आणू नयेत म्हणून अमेरिकेने १९२२मध्येच कायदा केला आहे. मग ते गंभीर झाले. "आणि सातेरी काय अमरपट्टा घेऊन आलीय? त्या थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिणेत ९१-९२ साली पेट्याच्या पेट्या रिकाम्या केल्या. परकं दुखणं आलं की सगळ्यांचीच परीक्षा." आणि शेवटी हळूच, "मी दहावी पास माणूस. पण पेटी घ्यायच्या आधी पुण्याला मधमाशी संस्थेत जाऊन शिकून आलो. तुम्ही एवढे शिकलेले, आणि हेच तेवढं शिकला नाहीत?"

फोन ठेवल्यावर बराच वेळ आम्ही दोघं गप्प होतो.

त्याच आठवड्यात शोध घेतला. आपल्या काउंटीत लाउडन बीकीपर्स असोसिएशन आहे, नवख्यांसाठी वर्ग घेते. आमची मुलंही आमच्याबरोबर बसली. तिथे एक गोष्ट मनाला फार लागली. माइटने पोखरलेली पेटी कोसळली, की आसपासच्या माश्या तिच्यातला मध लुटायला येतात आणि परत जाताना माइट घेऊन जातात. म्हणजे आम्ही न मोजल्याची किंमत आमच्याच माश्यांनी दिली असं नाही, दोन-तीन मैलांतल्या कुणाच्याही माश्यांनी दिली असेल. आमच्या ड्राइव्हवेतला बर्फ आम्ही शेजाऱ्याच्या दारात कधी ढकलला नव्हता. ही घाण मात्र न कळत ढकलली.

मोजायची रीत सोपी आहे. पिल्लांच्या चौकटीवरून अर्धा कप माश्या घ्यायच्या. त्या साधारण ३०० भरतात. राणी त्यांत नाही ना, हे दोनदा पाहायचं. बरणीत अल्कोहोल घालून हलवायचं की माइट सुटून खाली पडतात. जितक्या पडल्या त्याला तीनने भागलं की शेकडा प्रमाण निघतं. शेकडा तीनपर्यंत गेलं की उपाय करायलाच हवा, काही जण दोनलाच करतात. अल्कोहोलऐवजी पिठीसाखर वापरली तर माश्या वाचतात, पण मोजणी तितकी नेमकी होत नाही.

पण त्या ३०० माश्या मरतात हो! आमच्या घरी मुंगीलाही साखर घालणारी आजी होऊन गेली. धाकटीने स्पष्ट सांगितलं, "बाबा, मी बरणी हलवणार नाही." आम्हीही पिठीसाखरेपाशी अडून बसलो होतो. थोरल्याने विचारलं, "पेटीत किती माश्या आहेत?" उन्हाळ्यात चाळीस-पन्नास हजार. "आणि फेब्रुवारीत किती उरल्या होत्या?" पुढे कुणी काही बोललं नाही.

२०२५च्या ऑगस्टमध्ये नव्या पेटीतल्या पहिल्या मोजणीत ११ माइट निघाल्या. म्हणजे शेकडा साडेतीनच्या वर. माश्या वरून अगदी ठणठणीत दिसत होत्या! आम्ही थायमॉल वापरलं. थायमॉल म्हणजे आपल्या ओव्याला जो वास येतो ना, तेच द्रव्य. सगळ्या बॅकयार्डात ओव्याचा घमघमाट. हे औषध मधाचे मजले उतरवल्यावरच आणि ठरावीक तापमानातच द्यायचं असतं. काही आठवड्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा दोन निघाल्या. औषधंही बदलत राहावी लागतात. आमची पेटी गेली त्याच हिवाळ्यात देशभरातल्या व्यावसायिकांच्या सरासरी साठ टक्के वसाहती मेल्या. सरकारी शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा वर्षानुवर्षं वापरलेल्या अमिट्राझ या औषधाला तिथल्या माइट दाद देईनाशा झाल्याचं दिसलं.

आणि पाहुणे येतच आहेत. पोळ्यातला छोटा भुंगा १९९८मध्ये फ्लोरिडात सापडला. मधमाश्या पकडून खाणारी पिवळ्या पायांची गांधीलमाशी २०२३मध्ये जॉर्जियात सापडली. अशी वेगळी गांधीलमाशी दिसली तर मारून मोकळं होऊ नका, फोटो काढून राज्याच्या कृषी खात्याला कळवा. पहिली खबर बहुतेक वेळा एखाद्या साध्या माणसाकडूनच येते.

आता तुमच्यासाठी. आमची वाचून कुणी पेटी घ्यायचं मनात आणलं असेल तर जरूर घ्या, पण आधी वर्ग, मग पेटी. तुमच्या घरमालक संघटनेचे नियम पाहा. कुणाची जुनी वापरलेली पेटी फुकट मिळतेय म्हणून उचलून आणू नका, तिच्याबरोबर रोगही येतो. आणि पेटी नकोच असेल तर लॉनचा एक कोपरा फुलांना द्या. इथल्या मूळच्या भुंग्यांनाही तो लागतो, त्यांच्याकडे तर कुणीच पाहत नाही.

मध किती मिळाला म्हणाल, तर एक बरणी. बाकीचा माश्यांना हिवाळ्यासाठी ठेवला. ती बरणी गणपतीत पंचामृताला वापरली, दोन चमचे उरलाय. ज्यांना ज्यांना कबूल केलं होतं त्यांनी रागावू नये. शनिवारी सकाळी ऊन असेल तर घरी या, पेटी उघडून दाखवू. चहा आहेच.