व्यायामानंतर सॉना, स्टीम: मुंबईत किती उपयोगाचे?

परळ-लालबागमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर आले, त्यांच्यासोबत जिम, स्टीम आणि सॉनाही आले. त्यामुळे "डॉक्टर, सॉना घेतला की हार्ट चांगलं राहतं ना?" हा प्रश्न हल्ली दवाखान्यात वारंवार येतो.

या समजुतीमागे बहुतेक वेळा फिनलंडमधला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास असतो. त्यात २,३१५ मध्यमवयीन पुरुषांची सुमारे २० वर्षे नोंद ठेवली होती. आठवड्यातून ४ ते ७ वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. पण ही फक्त नोंद आहे, सिद्धता नाही. रोज सॉना घेणारा माणूस मुळातच धडधाकट असू शकतो.

दुसरा फरक हवेचा. तिथला सॉना सुमारे ८० अंशांचा, पण कोरडा असतो. घाम वाळतो आणि शरीर थोडे तरी थंड होते. स्टीम रूममध्ये हवा दमट असल्याने घाम वाळत नाही. एप्रिल-मे महिन्यांत मुंबईत बाहेरही जवळपास तीच स्थिती असते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या कार्यक्रमात उन्हामुळे १४ जणांचे प्राण गेले, हे विसरू नका.

उष्णतेने रक्तवाहिन्या रुंदावतात, नाडी वाढते, रक्तदाब उतरतो. आखडलेले स्नायू सैलावतात, दुखणे कमी वाटते. हा फायदा खरा आहे. मात्र त्याने व्यायामाची जागा भरून निघत नाही.

घ्यायचेच असेल तर:
- व्यायामानंतर १० मिनिटे थांबा, पाणी प्या, मग आत जा. सुरुवातीला ५ ते १० मिनिटे पुरेत.
- चक्कर, मळमळ किंवा धडधड झाली तर लगेच बाहेर या.
- मुरगळून सूज आली असेल तर पहिले दोन दिवस शेक नको, बर्फ लावा.
- दारू प्यायल्यावर किंवा ताप असताना मुळीच नको.

नुकताच हार्ट अटॅक आलेले, छातीत दुखणारे, गरोदर स्त्रिया आणि लघवी वाढवणारी किंवा बीपीची गोळी घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. मधुमेहामुळे पाय बधिर असतील तर गरम पाण्याची पिशवीही जपून वापरा. भाजलेले कळत नाही.

सॉना परवडत नाही म्हणून हळहळू नका. गरम पाण्याची आंघोळ आणि शिवाजी पार्कला रोज अर्धा तास भरभर चालणे, हे हृदयासाठी आजही जास्त खात्रीचे आहे.