विजेचा बेत कुणी आखायचा?

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. दौंड तालुक्यातल्या भीमाकाठच्या गावाहून न्हावऱ्यावरून एस.टी.ने शिरूरला येतो. परवा उसाला पाणी देण्याची रात्रीची पाळी होती. बिबट्याच्या धाकाने वडील आणि मी बॅटरी घेऊन दोघेही गेलो. बांधावर बसल्या बसल्या वडिलांनी विचारले, "लाईट दिवसाची का रात्रीची, हे ठरवतं कोण?" मला उत्तर देता आले नाही. शिकणाऱ्या मुलाला एवढेही सांगता येऊ नये, याची लाज वाटली. त्या लाजेपोटी ग्रंथालयात जाऊन जे वाचले, ते इथे मांडतो.

विजेचा दर महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. हा आयोग 1999 साली स्थापन झाला. 2003 च्या वीज कायद्यातील 64 व्या कलमाप्रमाणे दराचा अर्ज थोडक्यात प्रसिद्ध करावा लागतो आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोगाला निर्णय द्यावा लागतो. म्हणजे हरकत घेण्याचा हक्क माझ्या वडिलांनाही आहे! आमच्या गावात हे कितीजणांना ठाऊक असेल?

पण मित्रहो, दर हा शेवटचा आकडा. त्याच्या मागे सगळा बेत असतो. पुढे किती वीज लागेल, ती कोळशाची घ्यायची की उन्हाची, कुणाकडून आणि किती वर्षांसाठी? 2024 साली महावितरणने 6600 मेगावॅट सौर व औष्णिक विजेच्या खरेदीचा व्यवहार ठरवला, तो 25 वर्षांसाठी. मी आज 19 वर्षांचा आहे. अशा करारातून मोकळा होईन तेव्हा माझीच मुले महाविद्यालयात असतील.

बेत चुकला की काय होते, हे दाभोळने दाखवले. त्या प्रकल्पाचा वीजखरेदी करार 1993 साली स्पर्धात्मक निविदा न मागवता झाला. पुण्याच्या 'प्रयास' गटाने हिशेब मांडून त्याचा बोजा दाखवून दिला. 2001 साली ती महागडी वीज घेणे मंडळाने थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. हिशेब आधी लोकांपुढे आला असता, तर प्रश्नही आधीच निघाले असते.

उलट उदाहरण पुणे शहराचे. 2006 साली तेथील भारनियमन थांबले. कारखान्यांनी आपली जनित्रे चालवायची, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च शहरातल्या ग्राहकांनी सोसायचा, अशी योजना आयोगापुढे मांडली गेली व मंजूर झाली. खेड्यांतले भारनियमन मात्र चालूच राहिले. मला शहराचा हेवा वाटत नाही. शहराने आपले म्हणणे योग्य जागी मांडले, ते आपण शिकावे.

कुणी म्हणेल, मेगावॅटचा हिशेब तज्ज्ञांचा. शेतकऱ्याला त्यातले काय कळणार? मेगावॅट तज्ज्ञांनीच मोजावेत. पण उसाला पाणी कधी लागते, मोटार केव्हा सुरू होते, रात्री बांधावर कोण उभे असते, हे आम्हीच सांगू शकतो. दिवसा वीज मिळावी म्हणून 2017 पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. कोणत्या फीडरला ती आधी द्यावी, हे नुसत्या नकाशावरून कसे कळणार?

वितरण कंपनीने दीर्घ मुदतीचा आराखडा करावा, असे आयोगाचे 2024 चे नियम सांगतात. माझे म्हणणे एवढेच, की त्या आराखड्याचा सोप्या मराठीतला सारांश ग्रामपंचायतीत लावावा आणि त्यावर शिरूर, दौंड अशा तालुक्याच्या गावी सुनावणी व्हावी. एक दिवसाची मजुरी बुडवून शहरात जाणे प्रत्येकाला जमत नाही.

आपणही हात बांधून का बसावे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. यंदा एक दिवस चावडीवर बसून दराचा अर्ज वाचून दाखवू या, लोकांच्या हरकती लिहून घेऊ या. प्राध्यापकांनी कायद्याची भाषा उलगडून सांगावी. वडिलांच्या प्रश्नाला "आपणही ठरवायला बसतो" असे उत्तर देता आले, तरच माझ्या शिक्षणाचा घराला उपयोग झाला असे मी मानीन.