पिवळी हळद, हिरवे द्राक्ष

ऊस तो, हळद ती आणि द्राक्ष ते. सांगली जिल्ह्याची ही तीन नावाजलेली पिके मराठीच्या तीन लिंगांत विभागली गेली आहेत. पिकाच्या गुणधर्माशी या विभागणीचा संबंध नाही. व्याकरणातले लिंग नामापेक्षा त्याच्या सोबतच्या शब्दांत दिसते: ऊस चांगला आला, हळद चांगली आली, द्राक्ष चांगले आले.

काही ठिकाणी लिंगामागे अर्थही असतो. सुरा मोठा, सुरी लहान; वासरू, कोकरू, पिल्लू ही लहानगी नपुंसकलिंगी. बाहेरून आलेल्या शब्दांचीही सुटका नाही: ट्रक आला, बस आली, टेबल मोडले.

शेजारच्या कन्नडमध्ये मात्र लिंग अर्थावरूनच ठरते. माणसांत पुरुष आणि स्त्री वेगळे. निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. त्यामुळे जत तालुक्यातल्या कन्नडभाषक घरातले मूल 'हळद वाळले' म्हणाले, तर त्याला लिंग समजत नाही असे नव्हे. ते घरचा चोख नियम मराठीला लावत असते.

मोजताना हेच दोन शेजारी एकत्र येतात. बाजारात पोती दोन, पण हमाल दोघे. कन्नडमध्येही वस्तूंना 'एरडु', माणसांना 'इब्बरु'. बंगालीत लिंगभेद नाही. तिथे संख्येला वर्गवाचक शब्द जोडतात: पुस्तके 'दुटो', माणसे 'दुजन'. त्यातला 'जन' म्हणजे मराठीतला 'जण'. चिनीत तर पुस्तके मोजताना संख्येपुढे 'बेन' लागतोच. मराठीतले घड, जुडी, पोते यांचे काम निराळे. ते परिमाण सांगतात, नामाचा वर्ग नव्हे.

सांगलीत मराठी आणि कन्नड या दोन भाषांचा अभ्यास एका आवारात झाला आहे. विश्रामबागमधले विलिंग्डन महाविद्यालय १९१९ साली स्थापन झाले. तिथे रं. श्री. मुगळी यांनी कन्नड शिकवले आणि कन्नड कवी वि. कृ. गोकाक प्राचार्य होते. मुलाची घरची भाषा जाणून मराठी शिकवण्यासाठी याहून योग्य भूमी नाही.

अध्यापकांनी चूक खोडण्याआधी तिचा नियम शोधावा. लिंगांच्या याद्या पाठ करून लिंग अंगवळणी पडत नाही. नाम विशेषणाच्या जोडीनेच शिकवावे लागते. ते विशेषणही बदलणारे हवे. 'गोड' आणि 'जाड' तिन्ही लिंगांत तसेच राहतात, त्यांतून मुलाला काहीच कळत नाही. कोवळा ऊस, पिवळी हळद, हिरवे द्राक्ष असे ऐकले, की लिंग कानावर पडते.