दीड महिन्यात घटस्फोट कसा मिळतो? सहा महिन्यांची अट आणि तिची सूट समजून घ्या

फेब्रुवारी २०२५ मध्ये संयुक्त अर्ज आणि २० मार्चला घटस्फोट मंजूर. क्रिकेटपटू युझवेंद्र चहल आणि धनश्री वर्मा यांचं प्रकरण वांद्र्याच्या कौटुंबिक न्यायालयात इतक्या लवकर निकाली निघालं, तेव्हा अनेकांना प्रश्न पडला : आम्हाला वर्षानुवर्षं तारखा आणि सेलिब्रिटींना दीड महिना?

कायदा सगळ्यांना एकच आहे. पण त्यातली सूट आपोआप मिळत नाही, ती मागावी लागते. आणि ती मागण्याआधी थोडं थांबून विचार करायला हवा.

अर्ज कधी करता येतो?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब नुसार परस्पर संमतीने घटस्फोट घेता येतो. त्यासाठी दोघं किमान एक वर्ष वेगळे राहत असायला हवेत. वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच हवं असं नाही. एकाच छताखाली राहूनही पती-पत्नीचं नातं उरलं नसेल, तर ते वेगळं राहणंच मानलं जातं. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी झालेल्या लग्नांसाठीही अशीच तरतूद आहे.

मग सहा महिने कशाला?

पहिला अर्ज दिल्यावर किमान सहा महिने थांबायचं आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयात येऊन 'निर्णय कायम आहे' असं सांगायचं, अशी ही पद्धत आहे. घाईत किंवा रागात घेतलेला निर्णय बदलायला वेळ मिळावा, हा त्यामागचा हेतू. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही आपली संमती मागे घेऊ शकतं.

सूट कधी मिळते?

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात सांगितलं की ही सहा महिन्यांची अट अगदीच बंधनकारक नाही. न्यायालय साधारण या गोष्टी पाहतं :

- पहिल्या अर्जाआधीच दोघं दीड वर्ष वेगळे राहत होते का?
- समेटाचे सगळे प्रयत्न संपले का?
- पोटगी, मुलांचा ताबा आणि इतर वाद खरोखर मिटले का?
- आणखी थांबल्याने फक्त त्रासच वाढणार आहे का?

पहिल्या अर्जानंतर एका आठवड्याने, कारणं देऊन, सूट मागणारा अर्ज करता येतो.

चहल प्रकरणात काय घडलं?

दोघं अडीच वर्षांहून जास्त काळ वेगळे राहत होते. तरीही कौटुंबिक न्यायालयाने आधी सूट नाकारली. कारण ठरलेल्या ४.७५ कोटींपैकी सुमारे २.३७ कोटीच दिले गेले होते. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र संमतीच्या अटी वाचल्या. उरलेली रक्कम घटस्फोटानंतर द्यायची, असं त्यातच लिहिलं होतं. म्हणजे अटींचा भंग झाला नव्हता, म्हणून सूट मिळाली. थोडक्यात, प्रकरण फिरलं ते कागदावर काय लिहिलंय यावर.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

संमतीच्या अटींत रक्कम आणि ती देण्याच्या तारखा, मुलांना भेटण्याचे दिवस, स्त्रीधन, घराचं कर्ज आणि एकमेकांवरच्या केसेस हे सगळं स्पष्ट लिहून घ्या. 'नंतर बघू' असं म्हणून सोडलेला मुद्दा पुढे नव्या केसचं कारण ठरतो.

स्टॅम्प पेपरवर नोटरीसमोर केलेल्या 'सोडचिठ्ठी'ने कायदेशीर घटस्फोट होत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड मान्य आहे, पण वाद झाला तर ती रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. नाहीतर दुसरं लग्न बेकायदेशीर ठरू शकतं.

वकिलाची फी परवडत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि सही करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा : घाई नेमकी कुणाला आहे? दोघांनाही सुटायचं असेल, तर सूट मागणं योग्यच. पण सासर, माहेर किंवा जोडीदार 'लवकर सही कर' म्हणून मागे लागले असतील, तर हे सहा महिने तुमच्या बाजूने आहेत. ते सोडून द्यायची सक्ती तुमच्यावर कुणीही करू शकत नाही.