वॉर्डाची बैठक आणि अध्यक्षपदाची चर्चा

अमेरिकेच्या अध्यक्षाची पुढील निवडणूक 2028 च्या नोव्हेंबर महिन्यात व्हावयाची आहे. परंतु त्या पदावर कोण बसणार याची चर्चा 2024 च्या मतपत्रिका मोजून होतात न होतात तोच सुरू झाली. कोणाही व्यक्तीस दोनदाहून अधिक वेळा अध्यक्ष म्हणून निवडून येता येऊ नये, असे तेथील राज्यघटनेच्या 1951 साली मंजूर झालेल्या 22 व्या दुरुस्तीने ठरविले आहे. त्यामुळे या खेपेस दोन्ही पक्षांतील मैदान मोकळे दिसते, आणि मैदान मोकळे दिसले की भाकिते करणाऱ्यांना ऊत येतो. कोणता गव्हर्नर कोणत्या राज्यात भाषणास गेला, कोणत्या सिनेटरने आत्मचरित्र लिहावयास घेतले, कोणी कोणाबरोबर भोजन केले, यावरून उद्याचा अध्यक्ष वर्तविला जात आहे. ती नावे आम्ही येथे देत नाही. छापून जागा अडविण्याच्या योग्यतेची ती अद्याप झालेली नाहीत.

अशा भाकितांचा पूर्वानुभव काय सांगतो? 1972 साली डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी सिनेटर मस्की यांच्या खिशात आहे असे जाणते लोक म्हणत होते; ती मिळाली मॅकगव्हर्न यांना. 1976 साली जिमी कार्टर हे नाव ऐकल्यावर हे गृहस्थ कोण, असा प्रश्न लोक विचारीत, आणि तेच गृहस्थ अध्यक्ष झाले. 2007 सालचा बराचसा काळ मतचाचण्यांत हिलरी क्लिंटन आणि रूडी जुलियानी हे आपापल्या पक्षांत पुढे होते. 2008 साली दोघांपैकी एकालाही उमेदवारी मिळाली नाही. पंचांग सांगणाऱ्या जोशीबुवांना निदान दक्षिणा तरी मागावी लागते. या मंडळींना ती न मागता मिळते, एवढाच फरक.

मग उमेदवार ठरतो कोठे? वाचकहो, या प्रश्नाच्या उत्तरासाठीच हा दूरदेशीचा विषय आज आम्ही आपणांपुढे ठेवीत आहोत.

आयोवा नावाचे शेतकऱ्यांचे एक राज्य आहे. त्यात 99 जिल्हे आणि सोळाशेहून अधिक लहान लहान मतदान-विभाग आहेत. दर चार वर्षांनी ऐन हिवाळ्यात, सायंकाळी सातच्या सुमारास, प्रत्येक विभागातील पक्षाचे मतदार शाळेत, चर्चच्या दिवाणखान्यात, वाचनालयात, क्वचित एखाद्याच्या घरीही जमतात. या बैठकीस तेथे कॉकस म्हणतात. रिपब्लिकन पक्षाचे लोक कागदाच्या चिठ्ठीवर नाव लिहून देतात. डेमोक्रॅटिक पक्षाची रीत 2020 पर्यंत निराळी होती. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या नावाच्या कोपऱ्यात त्याने उठून उभे राहावयाचे. सर्वसाधारणपणे ज्या कोपऱ्यात उपस्थितांच्या शेकडा 15 इतकीही माणसे जमली नाहीत, तो कोपरा मोडावयाचा आणि तेथील लोकांनी दुसरीकडे जावयाचे. शेजारी शेजाऱ्याला सर्वांदेखत हाक मारतो, आपल्याकडे ये म्हणून आर्जव करतो. या बैठकीतून प्रतिनिधी जिल्ह्याच्या सभेस जातात, तेथून काँग्रेशनल मतदारसंघाच्या, तेथून राज्याच्या आणि शेवटी पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनास.

ही रीत आदर्श आहे असे मात्र कोणी समजू नये. सायंकाळी सात वाजता ज्याची पाळी कारखान्यात आहे, जी परिचारिका रुग्णालयात आहे, ज्या आईजवळ मूल सोपविण्यास दुसरे कोणी नाही, त्यांना ही सभा कशी साधावी? सर्वांदेखत उभे राहावयाचे म्हणजे मालकादेखतही उभे राहावयाचे! मोजणीचीही तीच कथा. 2012 साली रिपब्लिकन पक्षाने मिट रॉम्नी 8 मतांनी विजयी झाल्याचे त्या रात्री जाहीर केले आणि दोन आठवड्यांनी रिक सँटोरम हे 34 मतांनी पुढे असल्याचे सांगितले. आठ विभागांचे कागद तर सापडलेच नाहीत. 2020 साली डेमोक्रॅटिक पक्षाच्या मोबाइलवरील यंत्रणेने घात केला आणि निकाल कित्येक दिवस रखडला. तथापि या दोषांनी एक गोष्ट खोटी ठरत नाही: जो त्या खोलीत होता त्याने निवड केली, आणि जो खोलीबाहेर होता त्याला इतरांनी निवडलेल्यांतून निवड करावी लागली.

खोलीबाहेर राहणे हे सर्वांच्याच बाबतीत गैरसोयीमुळे घडत नाही. काहींना बाहेर ठेवले जाते. टेक्सस राज्याने 1923 साली कायदा करून कृष्णवर्णीयांना डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत मत देण्यास बंदी केली. त्या काळी दक्षिणेत तो एकच पक्ष निवडून येत असे. म्हणून प्राथमिक निवडणूक हीच खरी निवडणूक होती. न्यायालयाने कायदा रद्द केला, तेव्हा पक्ष म्हणू लागला की आम्ही खाजगी मंडळ आहोत आणि कोणाला सभासद करावे हा आमचा प्रश्न. हा युक्तिवाद 1935 साली न्यायालयास पटला. 1944 साली त्याच न्यायालयाने तो फेटाळला. तेवढ्याने प्रकरण संपले असते तर नवल होते! फोर्ट बेंड या जिल्ह्यात जेबर्ड नावाचे गोऱ्यांचे एक मंडळ 1889 पासून होते. ते प्राथमिक निवडणुकीच्याही आधी आपली स्वतःची निवड उरकून घेई आणि त्या मंडळाने पसंत केलेला मनुष्यच पुढे बहुतेक वेळा बिनविरोध निवडून येई. कृष्णवर्णीयाला सरकारी निवडणुकीत मत होते, पक्षाच्या निवडणुकीतही मिळाले होते. पण दोन्हींच्या आधी भरणाऱ्या त्या बैठकीत मत नव्हते. 1953 साली सर्वोच्च न्यायालयाने हाही प्रकार घटनाबाह्य ठरविला. विहिरीवर बंदी उठली की पाणवठा दुसरीकडे हलवावयाचा, ही युक्ती आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही.

मिसिसिपी राज्यात तर 1964 च्या आरंभी मतदानास पात्र असलेल्या शंभर कृष्णवर्णीयांपैकी सातांचीही नावे यादीत नव्हती. त्या वर्षी जून महिन्यात पक्षाच्या विभागवार बैठका भरल्या तेव्हा ते लोक बैठकींना गेले. कित्येक ठिकाणी त्यांना दार बंद मिळाले. काही ठिकाणी जाहीर केलेल्या जागी बैठकच नव्हती. काही ठिकाणी आत घेतले, पण मत देऊ दिले नाही. तेव्हा त्यांनी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टी या आपल्या पक्षातर्फे सर्वांना खुल्या अशा बैठका स्वतः भरविल्या, प्रतिनिधी निवडले आणि राज्याचे खरे प्रतिनिधी आम्हीच, असे म्हणत 68 जण अटलांटिक सिटी येथील राष्ट्रीय अधिवेशनाच्या दारात उभे राहिले.

त्यांत फॅनी लू हेमर या होत्या. बटाईने शेती करणाऱ्या आईबापांचे हे विसावे अपत्य. लहानपणापासून कापूस वेचलेला. 1962 च्या ऑगस्टमध्ये मतदारयादीत नाव घालण्यासाठी त्या तालुक्याच्या ठिकाणी गेल्या, म्हणून ज्या मळ्यावर अठरा वर्षे राबल्या त्या मळ्यातून त्याच दिवशी त्यांना हाकलण्यात आले. पुढील वर्षी कोठडीत त्यांना बेदम मारहाण झाली. 22 ऑगस्ट 1964 रोजी ही हकीकत त्यांनी अधिवेशनाच्या समितीपुढे सांगितली. दूरचित्रवाणीवरील लोकांचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी त्याच वेळी तातडीने पत्रकारांना बोलाविले. परंतु त्या बाईंची साक्ष वाहिन्यांनी रात्री पुन्हा दाखविली आणि ती सबंध देशाने ऐकली.

मग तडजोड पुढे आली. 68 जणांना मिळून दोन जागा. आणि त्या दोन जागांवर कोण बसणार त्यांची नावेही पक्षश्रेष्ठींनी आधीच ठरविलेली. एक कृष्णवर्णीय, एक गोरा, दोघेही सज्जन, दोघेही चळवळीतलेच. तरीही प्रतिनिधींनी ती तडजोड नाकारली. हितचिंतकांनी त्यांना हट्टी म्हटले. थोडे पदरात पाडून घ्यावे, बाकीचे पुढे पाहता येईल, असा उपदेश केला. त्या हितचिंतकांची नियत आम्ही वाईट म्हणत नाही. पण आमच्या मते नकार देणारेच बरोबर होते. त्यांच्या तक्रारीचे मूळच हे होते की आमचा प्रतिनिधी आम्हांला निवडू दिला जात नाही. आणि त्या तक्रारीवर उपाय म्हणून त्यांच्यापुढे दुसऱ्यांनी निवडलेले दोन प्रतिनिधी ठेवले गेले.

वाचकहो, येथे आपणांस 24 सप्टेंबर 1932 चा पुणे करार आठवल्याशिवाय राहणार नाही. त्या करारातील 148 राखीव जागांचा आकडा आपल्या मुलांनाही पाठ असतो. पण त्यातील एक कलम विस्मरणात गेले आहे. प्रत्येक राखीव जागेसाठी प्रथम दलित वर्गाच्या मतदारांनीच मतदान करून चार उमेदवारांची यादी निवडावी आणि मग त्या चारांतून एकास संयुक्त मतदारसंघाने निवडून द्यावे, असे ते कलम होते. स्वतंत्र मतदारसंघ सोडून देताना बाबासाहेबांनी हातात राखलेली ही शेवटची दोरी होती. कोण निवडून यावा यावर इतरांचे मताधिक्य चालेल. पण कोण उभा राहावा हे तरी आम्ही ठरवू, असा तिचा अर्थ. त्या कलमाला मुदत होती दहा वर्षांची. स्वतंत्र भारताच्या घटनेत राखीव जागा राहिल्या. ती पहिली फेरी राहिली नाही. आज राखीव जागेवर कोण उभा राहणार हे पक्षाचे तिकीट ठरविते, आणि तिकीट कोठे ठरते हे आपण जाणताच. आपल्या देशाचा राष्ट्रपतीही संसदेच्या व विधानसभांच्या निवडून आलेल्या सदस्यांच्या मतांनी निवडला जातो. म्हणजे त्या पदाची मुळेही शेवटी त्या तिकिटापर्यंत येऊन पोहोचतात.

मिसिसिपीच्या त्या नकाराचे पुढे काय झाले? त्या वर्षी ते रिकाम्या हातांनी परतले. 1965 च्या ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा झाला. 1968 च्या शिकागो अधिवेशनात गोऱ्यांच्या जुन्या शिष्टमंडळाला बाहेर ठेवून दोन्ही वर्णांच्या संमिश्र शिष्टमंडळास जागा दिली गेली, आणि फॅनी लू हेमर त्यात होत्या. त्याच अधिवेशनात ह्यूबर्ट हंफ्री यांना एकही प्राथमिक निवडणूक न लढविता उमेदवारी मिळाली, त्यावर असंतोष उसळला आणि पक्षाने नियम बदलण्यासाठी आयोग नेमला. बैठकींची सूचना आधी द्यावी, त्या खुल्या असाव्यात, कृष्णवर्णीयांना, स्त्रियांना व तरुणांना त्यांत वाटा असावा, असे नियम झाले. या नव्या नियमांनुसार चारही पायऱ्यांच्या सभा वेळेवर उरकाव्यात म्हणून आयोवाला आपली बैठक 24 जानेवारी 1972 इतकी अलीकडे ओढावी लागली आणि ती देशात पहिली ठरली. आज जिच्याभोवती शेकडो पत्रकार गोळा होतात त्या बैठकीचा मान असा तारखांच्या हिशेबातून आला!

त्याच 1972 साली शर्ली चिझम या कृष्णवर्णीय महिलेने उमेदवारीसाठी झुंज देऊन 152 प्रतिनिधींची मते मिळविली. 1988 साली जेसी जॅक्सन यांनी मिशिगनमधील बैठका जिंकल्या. आणि 3 जानेवारी 2008 रोजी, जेथे कृष्णवर्णीयांची वस्ती अगदी तुरळक आहे त्या आयोवाच्या शाळांतून आणि चर्चमधून बराक ओबामा पहिले आले. 2024 साली डेमोक्रॅटिक पक्षाने पहिल्या क्रमांकाचा मान आयोवाकडून काढून दक्षिण कॅरोलिनाला दिला. तेथे त्या पक्षाच्या प्राथमिक मतदारांत कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक असतात. हा बदल टिकेल की नाही, यावर पक्षात वाद आहेत. पहिल्या खोलीत कोण बसणार यावरच हा वाद आहे, हे वर्तमानपत्रांतील नावांच्या गर्दीत कोणी सांगत नाही.

आता आपल्या वस्तीकडे पाहा. ज्या पक्षास आपण मत देता त्या पक्षाची, मग तो कोणताही असो, वॉर्डाची बैठक मागे केव्हा भरली होती? तिची सूचना फलकावर लागली होती, की चार जणांना निरोप गेला होता? घरातल्या भगिनींपैकी कोणी गेली होती काय? ठरावावर सह्या कोणाच्या आहेत, आणि त्या बैठकीत झाल्या की नंतर घरोघर फिरून घेतल्या? दिल्लीत व वॉशिंग्टनमध्ये कोण येणार, यावर आपल्या ओट्यावर रात्री बाराबारापर्यंत वाद रंगतात. ती बैठक कोणाच्या घरी असते, एवढे त्याच ओट्यावर एकदा विचारून पाहावे.