रात्रीचे वाटसरू

प्रकाश म्हणजे ज्ञान आणि अंधार म्हणजे अज्ञान, ही समजूत लहानपणापासून आपल्या मनांत मुरलेली असते. तिन्हीसांजेस दिवा लागला कीं घरांतील वडील मंडळी हात जोडावयास शिकवितात. शाळेंत गुरुजी ज्ञानाला दिव्याची उपमा देतात. आणि एखादें शहर भरभराटीस आलें हें सांगावयाचें झालें म्हणजे तेथील दिव्यांच्या लखलखाटाचें वर्णन आपण करितों. दिव्याची ही थोरवी आम्हांसही मान्य आहे. तथापि जी गोष्ट चांगली, ती कितीही व कोठेंही असली तरी चांगलीच, असा नियम नाहीं. मीठ अन्नास रुचि आणतें. पण तेंच मूठभर पडलें तर अन्न टाकावें लागतें. शहरांतून रात्रभर निष्कारण जळणाऱ्या दिव्यांची गोष्ट अशीच आहे. या दिव्यांपायीं ज्यांचा प्राण जातो, त्यांना आपली तक्रार मांडतां येत नाहीं. रात्रीं आकाशमार्गानें प्रवास करणारे पक्षी ते हे होत. आणि त्यांची बाजू मांडावी म्हणून आम्हीं आज लेखणी हातीं घेतली आहे.

पक्षी दिवसां उडतात व रात्रीं झोंपतात, असें आपण धरून चालतों. परंतु ऋतुमानाप्रमाणें एका प्रदेशांतून दुसऱ्या प्रदेशांत जाणाऱ्या पक्ष्यांपैकीं पुष्कळसे, विशेषतः लहान गाणारे पक्षी, आपला लांबचा प्रवास रात्रींच करितात. त्यास कारणेंही तशींच आहेत. रात्रीं हवा थंड व बहुधा शांत असते, त्यामुळें पंखांस श्रम कमी पडतात. ससाण्यासारखे शत्रु त्या वेळीं विसावलेले असतात. आणि दिवस पोट भरावयास मोकळा राहतो. दिशा कळावी म्हणून पृथ्वीच्या चुंबकत्वाची जाणीव निसर्गानें त्यांना दिली आहे, आणि माथ्यावर तारे आहेतच. १९६७ सालीं स्टीफन एम्लेन या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं बंटिंग जातीचे निळे पक्षी तारांगणाच्या कृत्रिम आकाशाखालीं ठेवून असें दाखवून दिलें कीं, हे पक्षी ताऱ्यांवरून दिशा ओळखतात. पुढील प्रयोगांत तर असें दिसून आलें कीं, सारें आकाश ज्या स्थिर बिंदूभोंवतीं फिरतें तो बिंदु त्यांचीं पिलें वर पाहतां पाहतां स्वतःच हेरतात. ध्रुवबाळाच्या अढळपदाची गोष्ट आपण आजीच्या मांडीवर ऐकतों. या पाखरांना ती कोणी न सांगतां कळते!

अशा प्रवाशांच्या वाटेंत झगझगीत शहर आलें म्हणजे काय होतें? आकाश ढगाळ असलें किंवा धुकें पडलें कीं पक्षी खालून उडूं लागतात. तारे दिसेनासे होतात आणि खालचे दिवे त्यांना ओढून घेतात. एकदां त्या उजेडांत सांपडलेला पक्षी बाहेरच्या काळोखांत सहसा शिरत नाहीं; तो तेथेंच घिरट्या घालीत राहतो, थकतो, आणि शेवटीं इमारतीच्या कांचेवर आपटतो. कांच ही वस्तु त्याच्या अनुभवांतील नव्हेच. रात्रीं कसाबसा वांचला तरी सकाळीं त्याच कांचेंत झाडांचें व आकाशाचें प्रतिबिंब पाहून तो तिकडे झेंप घेतो. म्हणजे उजेड बोलावतो आणि कांच मारते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, दिवसां व रात्रीं मिळून, इमारतींवर आपटून दरवर्षीं साडेछत्तीस कोटींपासून सुमारें ९९ कोटींपर्यंत पक्षी मरत असावेत, असा अंदाज २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत दिला आहे.

कोटींचे आंकडे मनास सहसा भिडत नाहींत. म्हणून एकाच शहराची हकीकत सांगतों. शिकागोचें नांव १८९३ सालच्या सर्वधर्मपरिषदेमुळें आपल्याकडे घरोघरीं ठाऊक आहे. हें शहर मिशिगन सरोवराच्या कांठीं, पक्ष्यांच्या एका मोठ्या मार्गावर वसलेलें आहे. रात्रीच्या उजेडामुळें प्रवासी पक्ष्यांस सर्वांत अधिक धोका कोणत्या अमेरिकन शहरांत आहे, याचा २०१९ सालीं अभ्यास झाला, तेव्हां पहिला क्रमांक शिकागोचाच लागला. तेथें सरोवराच्या अगदीं कांठावर मॅकॉर्मिक प्लेस नांवाचें प्रचंड संमेलनगृह असून त्याच्या भिंती बहुतेक कांचेच्या आहेत. या इमारतीवर पक्षी आपटतात असें कानीं आल्यावरून फील्ड म्युझियम या पदार्थसंग्रहालयांतील डेव्हिड विलर्ड हे १९७८ सालीं सहज पाहावयास गेले, तों त्यांना एकदोन मेलेले पक्षी मिळाले. दुसरा एखादा हळहळून घरीं परतला असता. विलर्ड मात्र पुन्हां पुन्हां जात राहिले. पक्ष्यांच्या ये-जा करण्याच्या दिवसांत पहाटे त्या भिंतींच्या पायथ्याशीं फिरून मेलेले पक्षी गोळा करावयाचे व त्यांची नोंद ठेवावयाची, हा क्रम त्यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं चार तपांच्या आसपास चालविला. २०२१ सालापर्यंत या एकाच ठिकाणीं त्यांस ४०,००० हून अधिक पक्षी मिळाले होते. पुढें २०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या ५ तारखेची सकाळ उजाडली. अनुकूल वाऱ्याची वाट पाहत थांबलेले असंख्य पक्षी त्या रात्रीं एकदम निघाले होते. सकाळीं त्या एका इमारतीच्या पायथ्याशीं जवळजवळ १००० पक्षी मरून पडलेले आढळले. त्यांत बहुतेक आपल्याकडील वटवट्याएवढे चिमुकले पक्षी होते, एकेकाचें वजन जेमतेम तोळाभर. शेंकडों मैल कापून आलेला तो तोळाभर जीव एका खिडकीनें संपविला!

ही हकीकत वाचून मन विषण्ण होतें. पण तिची दुसरी बाजू तितकीच आशादायक आहे. विलर्ड यांच्या मंडळींनीं केवळ मेलेले पक्षी मोजले नाहींत. कोणत्या रात्रीं किती खिडक्यांत उजेड होता, याचेंही टिपण ठेविलें. त्या टिपणांवरून २०२१ सालीं असा निष्कर्ष निघाला कीं, पूर्वीं ज्या रात्रीं सर्वांत कमी खिडक्या उजळल्या होत्या, तितक्याच नेहमीं उजळल्या, तर या इमारतीवरील मृत्यूंची संख्या सुमारें ६० टक्क्यांनीं कमी होईल. पुढें २०२४ सालीं, येथें अडथळा आहे हें पक्ष्यांस कळावें म्हणून, त्या कांचांवर बारीक ठिपक्यांचा पातळ पापुद्रा चिकटविण्यांत आला; आणि त्या शरदांत मृत्यु सुमारें ९५ टक्क्यांनीं घटले. पापुद्र्यास १० लाख डॉलरांहून अधिक खर्च आला. दिवा मालवावयास मात्र एक छदामही पडत नाहीं. कॅनडांतील टोरांटो शहरीं १९९३ सालापासून अशा कामासाठीं लोक एकत्र आले आहेत. शिकागोंतही पक्ष्यांच्या प्रवासाच्या दिवसांत उंच इमारतींनीं रात्रीं ११ नंतर आपले शोभेचे दिवे मालवावेत, असा उपक्रम चालतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल कीं, माणसांचीं दुःखें काय थोडीं आहेत, म्हणून पाखरांचीं काढावींत? या आक्षेपाचें उत्तर न्यूयॉर्क शहरानें आमच्यापेक्षां अधिक चांगलें दिलें आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजीं तेथील दोन गगनचुंबी मनोरे हल्लेखोरांनीं विमानें आदळवून पाडले. त्या दिवसाच्या सर्व हल्ल्यांत सुमारें ३००० माणसें प्राणांस मुकलीं. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षीं त्या तारखेस रात्रीं ८८ प्रखर झोतदिव्यांनीं दोन प्रकाशस्तंभ आकाशांत उभे केले जातात. हे दिवस नेमके पक्ष्यांच्या प्रवासाचे. २००८ ते २०१६ या काळांतील अशा सात रात्रींत मिळून ११ लाख पक्षी या झोतांमुळें वाट चुकले किंवा खोळंबले, असें २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून दिसतें. मग करावें काय? स्मारक तर सोडवत नाहीं, आणि पाखरें मारवत नाहींत. तेथील लोकांनीं तोड अशी काढली कीं, पक्षिमित्रांनीं रात्रभर पाहारा करावा, आणि झोतांत १००० हून अधिक पक्षी अडकलेले दिसले कीं दिवे २० मिनिटें बंद करावे. दिवे मालवले कीं थोड्याच मिनिटांत पक्षी पांगतात व आपल्या वाटेस लागतात; मग स्तंभ पुन्हां उजळतात. ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं, त्यांचें शहर जर मुक्या जीवांसाठीं आपल्या शोकाचा दिवा २० मिनिटें मालवूं शकतें, तर आपणांस एखादी जाहिरातीची पाटी मालवितां येऊं नये काय?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. अंधारांत चोराचिलटांचें फावेल, बायाबापड्यांस रस्त्यानें जाणें कठीण होईल, असें पालकांपैकीं कोणी म्हणतील. ही भीति खोटी नाहीं, आणि तिचा अव्हेर करावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. रस्त्यावरच्या ज्या दिव्याखालीं बसून एखाद्या गरीब विद्यार्थ्यानें अभ्यास केला, तो दिवा मालवा असें कोण म्हणेल? आमचें बोट वेगळ्या दिव्यांकडे आहे. कचेरी सुटली, माणसें घरीं गेलीं, तरी मजल्यामागून मजले उजळलेले राहतात, ते दिवे. इमारतीची शोभा आकाशास दाखविणारे, खालून वर सोडलेले झोत. मध्यरात्रीं वाचणारा कोणी नसतां लखलखणाऱ्या पाट्या. रस्त्यावरच्या दिव्यांनाही वरून झांकण घातलें तर उजेड जेथें हवा तेथें, म्हणजे चालणाऱ्याच्या पायांपुढें, पडतो. आकाश उजळल्यानें कोणाही वाटसरूस ठेंच लागावयाची राहत नाहीं.

तिसरा आक्षेप, हें सर्व परदेशांतलें. आमचा त्याच्याशीं काय संबंध? संबंध आहे. आसामांतील दिमा हसाओ जिल्ह्यांत जतिंगा नांवाचें खेडें आहे. पावसाळा संपतां संपतां, चांदणें नसलेल्या व धुक्यानें भरलेल्या रात्रीं, तेथें पक्षी दिव्यांकडे ओढले जाऊन खालीं येतात. पूर्वीं गांवकरी त्यांना बांबूंनीं झोडपून मारीत. लोकांची समजूत घातल्यावर तो प्रकार पुष्कळ कमी झाला. हे पक्षी बहुतेक आसपासचेच असतात, दूरचे प्रवासी नव्हेत. परंतु दिवा पाखरास कसा भुलवितो, हें कळावयास समुद्र ओलांडण्याची गरज नाहीं, एवढें त्यावरून खास ठरतें. आणि दूरचे प्रवासी आपल्याकडेही येतातच. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हंस हिंवाळ्यांत उजनी, जायकवाडी यांसारख्या जलाशयांवर उतरतात. ते मध्य आशियांतून हिमालय ओलांडून येतात. आणि हा हिमालय ते बहुधा रात्रीं व पहाटे ओलांडतात, असें २०११ सालच्या अभ्यासावरून समजतें. पावसाळ्याच्या तोंडाशीं येणारा आपला सुंदर नवरंग हाही रात्रींच प्रवास करितो; थकून भागून एखाद्याच्या घरांत शिरलेला तो अधूनमधून आढळतो. तेव्हां आपल्या कौलांवरूनही रात्रीं कोणी जात असतें. आपण झोंपेंत असतों म्हणून तें कळत नाहीं, इतकेंच.

विद्यार्थिमित्रांनो, मोठमोठ्या इमारतींचे दिवे तुमच्या हातीं नाहींत, हें आम्ही जाणतों. परंतु वर्गांतून शेवटीं बाहेर पडणारा मुलगा दिवा बंद करितो कीं नाहीं, गच्चीवरचा दिवा कोणासाठीं जळतो, हें पाहणें तुमच्या हातीं आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि मार्च ते मे या दिवसांत तरी घरांतील अनावश्यक दिवे झोंपण्यापूर्वीं मालवावे, आणि खोलींत जाग असेल तर पडदे ओढावे. कांचेच्या भिंतीखालीं एखादें पाखरूं पडलेलें दिसलें तर तें ओलांडून न जातां तारीख, वेळ व जागा वहींत टिपून ठेवावी. शिकागोंतील तें थोर कार्य एकदोन पाखरांपासूनच सुरू झालें, हें विसरूं नये. जें कोणी मोजीत नाहीं, तें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. आणि जें दृष्टीस पडत नाहीं, त्याचा इलाजही होत नाहीं. पालकांसही आमची विनंति आहे कीं, नवीन घर बांधतांना, गृहसंस्थेच्या सभेंत दिव्यांचा विषय निघेल तेव्हां, किंवा दुकानाची पाटी लावतांना, हा उजेड कोणाच्या उपयोगाचा आणि किती वाजेपर्यंत, एवढा प्रश्न एकदां तरी विचारावा. विजेचा खर्च वांचेल तो निराळाच.

उन्हाळ्यांत वाटसरूंसाठीं पाणपोई घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी आहे. आलेल्याचें नांवगांव विचारावयाचें नाहीं, तो पुन्हां भेटेल अशी आशाही धरावयाची नाहीं. तहानलेला जीव निवला, एवढेंच समाधान. हे रात्रीचे वाटसरू तर आपल्याजवळ पाणीही मागत नाहींत आणि दाणाही मागत नाहींत. आपल्या डोक्यावरून निमूटपणें पुढें जातां यावें, आणि त्यासाठीं वरचे तारे दिसावेत, एवढेंच त्यांचें मागणें आहे. तेवढा अंधार त्यांना देणें आपणांस जड जाऊं नये.